कुंपण नसलेले गाव: इंग्लंडमधील लॅक्सटन आणि तिथली सामायिक शेती

महाराष्ट्रात २०२५ साली तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याचा विषय निघाला, तेव्हा गुंठा, तुकडा, एकत्रीकरण हे शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत झळकू लागले. त्या चर्चेत एक गृहीतक बहुतेकांनी वाद न घालता मान्य केलेले दिसले. विखुरलेली जमीन म्हणजे मागासलेपण आणि सलग, कुंपण घातलेली, एकाच्याच ताब्यातली जमीन म्हणजे प्रगती, असे ते गृहीतक आहे. आपल्याकडे ते रुजवण्यात इंग्रज कृषी अधिकाऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र एक छोटे गाव असे आहे, जिथे एकाच शेतकऱ्याच्या जमिनीच्या पट्ट्या आजही शिवारभर विखुरलेल्या आहेत, दोन शेजाऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये कुंपण नाही, आणि बांधाचे वाद मिटवण्यासाठी गावाचे स्वतःचे न्यायालय दरवर्षी बसते. त्या गावाचे नाव लॅक्सटन. त्याची व्यवस्था एकदा नीट समजून घेतली, की इंग्लंडच्या खेड्यांचा जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास उलगडतो. शिवाय, तुकडे या विषयाकडे आपण फार घाईने पाहत आलो आहोत, असे मला वाटते.

गाव कसे आहे?

लॅक्सटन नॉटिंगहॅमशर परगण्यात, शेरवुडच्या जुन्या अरण्याच्या पूर्वेला आहे. इथली माती चिकण आणि जड. पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हात ती दगडासारखी कडक होते, त्यामुळे नांगरटीला योग्य असे दिवस वर्षात मोजकेच मिळतात. गावाची बहुतेक सगळी रचना या मातीशी जोडलेली आहे, म्हणून ती आधी सांगितली.

इंग्लंडमधून प्रवास करताना शेतकऱ्याचे घर बहुधा गावाबाहेर, त्याच्या स्वतःच्या जमिनीच्या मधोमध, एकटे उभे असलेले दिसते. लॅक्सटनमध्ये मात्र शेतकऱ्यांची विटांची घरे आणि गोठे गावातल्या रस्त्याच्या दुतर्फा, शेजारीशेजारी आहेत. अनेक घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि मागे लांबट अंगण, धान्याची कोठारे, परसबाग असा पसारा असतो. गावठाणात राहायचे आणि शिवारात कामाला जायचे, ही आपल्या ओळखीचीच रीत आहे. शिवारात प्रत्येकाची जमीन एकाच ठिकाणी नसल्यामुळे शेतात घर बांधण्यात कुणालाच फायदा नव्हता.

गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या (१०६६ साली फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या काळातल्या) किल्ल्याचा मातीचा उंच ढिगारा आहे. शेरवुडच्या राजअरण्याचे वंशपरंपरागत रखवालदार एके काळी इथून कारभार पाहत. विजेत्या नॉर्मन राजाने १०८६ साली देशभरातल्या जमिनीची जी मोजदाद करून घेतली, तिच्यातही या गावाची नोंद सापडते आणि जमीनदार म्हणून जेफ्री अल्सलिन याचे नाव येते. याशिवाय संत मायकेलचे जुने चर्च आहे आणि ‘डव्हकोट इन’ नावाची खानावळ-मद्यशाला आहे. ही खानावळ लक्षात ठेवावी, कारण गावाचे न्यायालय तिथेच बसते.

खुल्या शेतांची पद्धत म्हणजे काय?

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातील बहुसंख्य गावांत ही पद्धत होती. गावाच्या लागवडीखालील जमिनीचे दोन किंवा तीन प्रचंड भाग पाडत. लॅक्सटनमध्ये आज असे तीन भाग आहेत: पश्चिम शेत, दक्षिण शेत आणि गिरणीचे शेत. प्रत्येक शेतात अनेक लांब, निमुळत्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक शेतकऱ्याकडे तिन्ही शेतांत थोड्या थोड्या पट्ट्या असतात. पट्टी कसणाऱ्याचे पीक त्याचेच. नांगर, बी, मेहनत आणि नफा-नुकसानही त्याचेच. त्यामुळे हा सामूहिक शेतीचा प्रकार नव्हे. सामायिक आहे ते वेळापत्रक, आणि पीक निघाल्यानंतरच्या चराईचा हक्क.

आपल्या शहरांतल्या गृहनिर्माण सोसायटीत सदनिका ज्याची त्याची असते, पण जिना, पाण्याची टाकी आणि गच्ची सर्वांची असते. म्हणूनच स्वतःच्या घरातली भिंत पाडतानाही सभासदाला सोसायटीचे नियम पाळावे लागतात. खुल्या शेतातल्या पट्टीचे साधारण तसेच आहे. ती कसणाऱ्याची असली, तरी तिच्यात केव्हा आणि काय पेरायचे हे तो एकटा ठरवू शकत नाही.

कारण तीन वर्षांची फेरपालट. पहिल्या वर्षी एका शेतात हिवाळी गहू असतो, जो शरद ऋतूत पेरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कापतात. दुसऱ्या वर्षी त्याच शेतात वसंतात पेरायचे पीक येते. पूर्वी ते जव, ओट किंवा वाटाणा असे. तिसऱ्या वर्षी ते शेत पडीक ठेवायचे, म्हणजे जमिनीला विसावा मिळतो, तण मोडता येते आणि मेंढ्या-गुरे तिथे चरून खतही टाकतात. कोणत्याही वर्षी एक शेत गव्हाचे, एक वसंत पिकाचे आणि एक पडीक. पडीक शेतात सगळ्या गावाची जनावरे सोडायची असतील, तर मधल्याच पट्टीत एखाद्याने उभे पीक ठेवून चालणार नाही. कुंपण नसण्याचे आणि सर्वांनी एकच चक्र पाळण्याचे कारण हे आहे.

पट्ट्या विखुरलेल्या का ठेवल्या?

वाचकाच्या मनात इथे हमखास शंका येते. एका शेतकऱ्याला पन्नास ठिकाणी जमीन देण्यापेक्षा एका जागी देणे सोपे नव्हते का?

एक उत्तर नांगराच्या चालीत आहे. जड मातीत बैलांची मोठी जोड एका दमात साधारण जेवढे अंतर तास (नांगराची चाकोरी) ओढू शकत असे, ते अंतर २२० यार्ड धरले गेले. इंग्रजीतला ‘फर्लांग’ तो हाच. फर्लांगभर लांब आणि २२ यार्ड रुंद जमीन म्हणजे एक एकर, आणि तेवढी जमीन म्हणजे एका दिवसाची नांगरट असे ढोबळमानाने मानत. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबीही २२ यार्डच आहे, कारण ती मोजणीच्या साखळीची लांबी होती. या साखळीची निम्मी लांबी म्हणजे ३३ फूट. आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावरचे आपले माप आणि त्या चिकण मातीतले नांगराचे तास असे एकमेकांशी जोडलेले आहेत. पट्ट्या लांबट होण्याचे कारणही यातच आहे: लांब जोड वळवणे हे कष्टाचे काम, म्हणून वळणे जितकी कमी तितके बरे. जोड वळवताना आधीच थोडी तिरकी घ्यावी लागे, त्यामुळे जुन्या पट्ट्या सरळ रेषेत नसून त्यांना हलकासा उलटा ‘एस’सारखा बाक आहे.

ऑक्सफर्डचे कृषी-अर्थतज्ज्ञ सी. एस. ऑरविन यांनी १९३० च्या दशकात लॅक्सटनचा बारकाईने अभ्यास केला. अनेक कुटुंबांनी बैल एकत्र करून नांगरट केली आणि दिवसाची नांगरलेली जमीन पाळीपाळीने वाटून घेतली, म्हणून पट्ट्या विखुरल्या, असे त्यांचे म्हणणे होते. नंतर डीअर्ड्री मॅक्लॉस्की या अर्थतज्ज्ञांनी वेगळे कारण पुढे केले: विखुरलेली जमीन हा विमा होता. सखल भागातले पीक पाण्याने कुजले, तरी उंचावरचे वाचते; एका कोपऱ्यात रोग पडला, तरी दुसऱ्या कोपऱ्यातले धान्य घरी येते. जिथे दुष्काळात सरकार धावून येत नव्हते आणि कर्ज मिळत नव्हते, तिथे या सुरक्षेसाठी चालण्याचे कष्ट सोसणे शहाणपणाचे होते. दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांना छेद देत नाहीत असे मला वाटते. पहिले पट्ट्या कशा निर्माण झाल्या ते सांगते, तर दुसरे त्या शेकडो वर्षे का टिकल्या ते सांगते. शिवाय चांगली आणि वाईट माती सर्वांच्या वाट्याला यावी, ही साधी न्यायाची अपेक्षाही त्यात होतीच.

गावाचे न्यायालय

लॅक्सटनच्या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘कोर्ट लीट’. मध्ययुगात जमीनदाराच्या अखत्यारीत चालणाऱ्या स्थानिक न्यायालयाला हे नाव होते. अशी न्यायालये एके काळी देशभर होती. १९७७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून त्यांचे उरलेसुरले न्यायाधिकार रद्द केले, तेव्हा लॅक्सटनच्या कोर्ट लीटला मात्र त्यातून वगळले. हे न्यायालय खरोखर काम करत होते, हेच त्याचे कारण.

ते काम कसे चालते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाची पेरणी होऊन कोंब वर आले, की गावातल्या शेतकऱ्यांमधून नेमलेले पंच आपल्या प्रमुखासह त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात जातात. पट्टीच्या टोकाला उभे राहून ते सीमेची रेषा नजरेने जोखतात. कुणी नांगर शेजाऱ्याच्या पट्टीत किंवा सामायिक रस्त्यावर घातला आहे का, गवताळ भागाची कड कापली आहे का, चर साफ आहेत का, हे पाहतात. जिथे हद्द पुसट झाली असेल, तिथे लाकडी खुंटी ठोकतात. आपण ज्याला बांध कोरणे म्हणतो, तोच हा अपराध. फरक एवढाच, की लॅक्सटनच्या गव्हाच्या शेतात कोरायला बांधच नसतो, आणि म्हणून नजर अधिक तीक्ष्ण ठेवावी लागते.

त्यानंतर साधारण आठवड्याने डव्हकोट इनमध्ये न्यायालय भरते. जमीनदाराने नेमलेला कारभारी अध्यक्षस्थानी असतो. ज्यांना हजर राहणे बंधनकारक आहे त्यांची नावे पुकारली जातात आणि गैरहजर राहणाऱ्याला काही पेन्सचा नाममात्र दंड होतो. पंच आपला अहवाल देतात, हद्द ओलांडणाऱ्याला दंड ठोठावला जातो आणि पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात. दंडाची रक्कम लहान असते. खरी शिक्षा म्हणजे सगळ्या गावासमोर नाव घेतले जाणे. ज्याला आज दंड झाला, तोच पुढच्या वर्षी पंच म्हणून इतरांच्या पट्ट्या तपासायला जाऊ शकतो, आणि ज्याने आज तपासले त्याची पट्टी उद्या दुसरा तपासणार असतो. बांधाच्या एका फुटासाठी तहसील कचेरी ते दिवाणी न्यायालय अशा वर्षानुवर्षे फेऱ्या घालणाऱ्या आपल्याकडच्या भाऊबंदांचा विचार केला, की एका दिवसाची फेरी आणि एका बैठकीत निकाल या रीतीचे मोल ध्यानात येते.

१६३५ चा नकाशा आणि कोकणाशी एक धागा

आपल्याला लॅक्सटनबद्दल इतके तपशीलवार कळते ते एका नकाशामुळे. १६३५ साली मार्क पियर्स या मोजणीदाराने गावाची पट्टीन् पट्टी मोजली. सोबतच्या नोंदवहीत प्रत्येक तुकड्याचा कसणारा आणि क्षेत्र लिहिले. खुल्या शेतांतल्या पट्ट्याच तेव्हा दोन हजारांहून अधिक होत्या. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात केवळ रेषा नाहीत: नांगर हाकणारी माणसे, कापणी करणारे मजूर, शिकारीचे घोडे आणि कुत्री अशी चिमुकली चित्रे शेतांवर रंगवलेली आहेत. सतराव्या शतकातल्या एका साध्या गावाचे कामाचे दिवस इतक्या जवळून दाखवणारी दुसरी साधने फार थोडी आहेत.

ही मोजणी करवून घेणारा सर विल्यम कोर्टन हा लंडनचा बडा व्यापारी होता. त्याच वर्षी, १६३५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता असूनही पूर्वेकडे व्यापार करण्याची सनद पहिल्या चार्ल्स राजाने कोर्टनच्या मंडळाला दिली. कोर्टन १६३६ साली वारला, पण जॉन वेडेल या कप्तानाच्या हाताखाली त्याच्या मंडळाची जहाजे त्याच वर्षी गोव्याला पोहोचली. पुढे या मंडळाने भटकळ, कारवार आणि कोकणातल्या राजापूर इथे व्यापार थाटला. आपल्या गावाच्या पट्ट्या मोजून वसुलीचा हिशेब पक्का करणारा मालक आणि कोकण किनाऱ्यावरच्या मिऱ्यांवर नजर ठेवणारा व्यापारी हा एकच माणूस होता, हे लक्षात घेतले, की इंग्लंडमधले ‘निवांत खेडे’ जगापासून तुटलेले होते हा समज गळून पडतो.

रोजचे जगणे

खुल्या शेतांच्या गावात कुणाचेच काम पूर्णपणे खाजगी नव्हते. नांगरट, पेरणी आणि कापणी एकाच काळात, एकमेकांच्या नजरेसमोर चाले. चराईसाठी कोणी किती जनावरे सोडायची याची मर्यादा गाव ठरवत असे. भरकटलेले किंवा उभ्या पिकात शिरलेले जनावर पकडून बंदिस्त आवारात ठेवण्यासाठी न्यायालयाने नेमलेला एक माणूस असे, आणि दंड भरूनच मालकाला ते सोडवता येई. हा आपला कोंडवाडाच होय. भारतातले कोंडवाडे ज्या १८७१ च्या कायद्याने चालत आले, तो कायदाही इंग्रज सरकारनेच केलेला होता.

शेतांमधल्या सखल, ओलसर भागांत नांगर चालत नाही. तिथले गवत गावाने तसेच राखले आहे. दर उन्हाळ्यात या गवताचा लिलाव होतो आणि येणारी रक्कम चराईचे हक्क असणाऱ्यांमध्ये वाटली जाते. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे या पट्ट्यांत अशी रानफुले टिकून आहेत, जी आसपासच्या नांगरलेल्या जमिनीतून केव्हाच नाहीशी झाली. त्यामुळे आज त्यांना निसर्गसंरक्षणाचा दर्जा आहे.

भूमिहीनांसाठी या व्यवस्थेतले सर्वांत महत्त्वाचे दिवस कापणीनंतरचे. गव्हाच्या पेंढ्या उचलल्या, की बायका-मुले शेतात उतरून सांडलेली कणसे वेचत. आपल्याकडे याला सरवा वेचणे म्हणतात. एका गरीब कुटुंबाचे हिवाळ्यातले काही आठवड्यांचे पीठ त्यातून निघे. १७८८ साली लंडनमधल्या वरिष्ठ न्यायालयाने असा निकाल दिला, की कायद्याने असा कोणताही सार्वत्रिक हक्क नाही. पुष्कळ गावांत रीत त्यानंतरही चालू राहिली, पण तोवर जो हक्क समजला जात होता तो आता जमीनमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिला. शेतात वाकून कणसे वेचणाऱ्या बाईला हा फरक निश्चित कळला असेल.

कुंपणबंदी: कायद्याने बदललेला देश

मग ही पद्धत बाकीच्या इंग्लंडमधून गेली कुठे? तिला संपवणाऱ्या प्रक्रियेला आपण कुंपणबंदी म्हणू: सामायिक शेते आणि चराईची राने मोडून त्यांचे सलग, कुंपण घातलेल्या खाजगी जमिनींत रूपांतर करणे. काही ठिकाणी हे आपापसातल्या करारांनी झाले, तर काही ठिकाणी जमीनदारांच्या दांडगाईने. मोठा वेग आला तो संसदेमुळे. १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कुंपणबंदी कायदे संमत झाले आणि त्यांतून सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा, बदलून गेला. यांतले बहुतेक कायदे १७६० नंतरच्या सहा दशकांत झाले.

प्रक्रिया कागदावर न्याय्य दिसे. गावातले जमीनमालक संसदेकडे अर्ज करत, कायदा होई, आयुक्त येऊन मोजणी करत आणि विखुरलेल्या पट्ट्यांच्या बदल्यात प्रत्येकाला एक सलग तुकडा देत. पण संमती डोक्यांवर मोजली जात नसे. ती जमिनीच्या किमतीवर मोजली जाई, आणि त्यामुळे गावातले दोन-तीन मोठे मालक पुरेसे ठरत. मोजणीचा, वकिलांचा आणि संसदेतल्या कामाचा खर्च सर्वांवर वाटला जाई. शिवाय ठरलेल्या मुदतीत कुंपण घालणे प्रत्येकाला भाग असे. लहान तुकड्याला मोठ्या तुकड्यापेक्षा प्रमाणाने जास्त लांब कुंपण लागते, हे भूमितीचे सत्य इथे लहान शेतकऱ्याच्या मुळावर आले. पुष्कळांनी मिळालेली जमीन विकून टाकली. ज्यांच्याकडे मुळात जमीनच नव्हती, फक्त एक गाय चारण्याची, सरपण गोळा करण्याची रूढ सवलत होती, त्यांना बहुधा काहीच मिळाले नाही, कारण रूढीचा कागद त्यांच्याकडे नव्हता.

‘पण त्याशिवाय उत्पादन वाढले असते का?’

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. सलग जमिनीवर नवी पिके घेणे, पाण्याचा निचरा करणे, जनावरांची निवडक पैदास करणे हे नक्कीच सोपे होते. गावातल्या प्रत्येकाची संमती घेऊन बदल करायचा, तर वेळ लागतो. मात्र कुंपणबंदीच्या आधी शेती गोठून राहिली होती, हे चित्र आता इतिहासकार जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. रॉबर्ट ॲलन या आर्थिक इतिहासकारांनी असे दाखवले, की इंग्लंडमधल्या धान्याच्या उताऱ्यातली वाढ मोठ्या प्रमाणात खुल्या शेतांत राबणाऱ्या स्वतंत्र शेतकऱ्यांनीच साधली होती, आणि कुंपणबंदीमुळे मुख्यतः जमीनदारांचा खंड वाढला. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. माझे मत असे, की एकूण धान्य किती वाढले या प्रश्नाइतकाच, त्या वाढीचा वाटा कोणाकडे गेला हाही प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

दुसरा आक्षेप असा, की जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, आणि म्हणून सामायिक चराई शेवटी उजाड होते. गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणतज्ज्ञांनी १९६८ साली हा मुद्दा जगभर गाजवला. त्यांच्या युक्तिवादातले कुरण मात्र सर्वांना मोकळे, नियम नसलेले कुरण होते. लॅक्सटनचे शिवार कधीच तसे नव्हते. तिथे कोणाला हक्क आहे, किती जनावरांचा आहे, कधीपासून कधीपर्यंत आहे, आणि मोडणाऱ्याला काय दंड आहे हे सगळे ठरलेले होते. स्थानिक लोक स्वतः नियम करून, स्वतः देखरेख ठेवून आणि लहान लहान दंड लावून सामायिक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतल्या उदाहरणांवरून मांडले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

लॅक्सटन का वाचले?

यात योगायोगाचा भाग मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात गावातली जमीन मुख्यतः दोन बड्या सरदार घराण्यांत, म्हणजे अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांच्यात, विभागलेली होती. त्यांचे आपसात लवकर जमले नाही, आणि जमेपर्यंत शेतमालाचे भाव कोसळून कुंपणबंदीचा खर्च परवडेनासा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स घराण्याने पट्ट्यांची संख्या बरीच कमी करून त्या रुंद केल्या आणि काही जमीन खुल्या पद्धतीतून काढली. त्यामुळे आज दिसते ती १६३५ ची हुबेहूब प्रत नव्हे.

त्यानंतर मात्र लोकांनी जाणीवपूर्वक निर्णय घेतले. १९५२ साली ही मालमत्ता कृषी मंत्रालयाने विकत घेतली, तीच मुळी पद्धत टिकवण्याच्या हेतूने. १९८१ मध्ये ती ब्रिटिश राजमुकुटाच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे गेली आणि २०२० मध्ये पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्या जुन्या मालमत्तेकडे, परत आली.

हे गाव म्हणजे संग्रहालय आहे का, असेही विचारले जाते. तसे ते नाही. इथले खंडकरी शेतकरी ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रे वापरतात, खुल्या पट्ट्यांबरोबर त्यांच्याकडे कुंपण घातलेली जमीनही असते, आणि गहू विकून त्यांना घर चालवायचे असते.

आपल्या तुकड्यांशी याचा संबंध किती?

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली सरासरी धारणा, म्हणजे एका खातेदाराकडची जमीन, १७७१ साली ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. अशा अभ्यासांनी जी चिंता निर्माण केली, तिची परिणती पुढे १९४७ च्या मुंबई प्रांताच्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यात झाली.

या चिंतेत दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले गेले, असे लॅक्सटन पाहिल्यावर वाटते. एक प्रश्न धारणा लहान होत जाण्याचा. वारसांमध्ये वाटणी होत गेली, की ती लहान होणारच. दुसरा प्रश्न धारणा विखुरलेली असण्याचा. लॅक्सटनमध्ये दुसरी गोष्ट होती, पहिली नव्हती, कारण खंडाची शेती सहसा एकसंध एका खंडकऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. त्यामुळे ‘तुकडे टिकू शकतात, हे इंग्लंडने सिद्ध केले आहे’ असा सोयीस्कर निष्कर्ष इथून काढू नये. आपल्या अर्ध्या एकराच्या वाटणीला लॅक्सटनकडे उत्तर नाही. विखुरलेपणाबद्दल मात्र ते एक ठोस गोष्ट दाखवते: पट्ट्या दूरदूर असूनही शेती चालू शकते, जर पेरणीचे वेळापत्रक, रस्ता, चर आणि हद्द यांची देखरेख शेजाऱ्यांच्या हातात आणि दरवर्षी नियमाने होत असेल. आपल्या एकत्रीकरण योजनांनी नकाशावर गट पाडले, पण शेतरस्ता आणि हद्द यांसाठी गावात वर्षातून एकदा बसणारी जबाबदार मंडळी नेमली नाहीत.

लॅक्सटनपुढची अडचणही याच ठिकाणी आहे. यंत्रांमुळे एका शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जमीन कसता येते, म्हणून गावात शेतकरी कुटुंबे कमी होत गेली आहेत, आणि शेतीशी संबंध नसलेले लोक गावातली घरे घेऊन शहरात नोकरीला जातात. कोर्ट लीटला बारा पंच आणि त्यांचा प्रमुख लागतो. नव्या पिढीतल्या कुणी खंडाने शेती घ्यायची, घेतली तर ती परवडेल इतका खंड कोण ठरवणार, आणि शेतकऱ्यांची संख्या आणखी घटली तर नोव्हेंबरच्या त्या फेरीला माणसे कुठून आणायची, हे प्रश्न आता नव्या मालकांना आणि गावाला मिळून सोडवायचे आहेत.